नीमाची पाकिटं

आमच्या गल्लीत कुणाला ठेच लागली की दहातले तिघे तरी हल्ली ‘पोले’ म्हणतात. भाजीवाला म्हणतो, समोरच्या गार्डकाकू म्हणतात, मी तर म्हणतेच. हा शब्द मराठी नाही, हिंदी नाही. नीमानं तो टांझानियाहून आणला आणि जाताना आमच्याकडेच ठेवून गेली.

हुडकेश्वर रोडला माझं मेडिकल आहे. पुढे दुकान, मागे माझं घर आणि वर गच्चीला लागून एक खोली. लग्न केलं नाही, त्यामुळे घर रिकामं आणि तोंड रिकामं नाही, असं माझ्याबद्दल बोललं जातं. ते खरं आहे. एक दिवस ओळखीच्या एका प्राध्यापिकेचा फोन आला. त्यांच्या फार्मसी कॉलेजात टांझानियाची एक मुलगी शिष्यवृत्तीवर आली होती. हॉस्टेलचं जेवण तिला सोसत नव्हतं आणि खोली काही मिळत नव्हती. आमच्याच भागातल्या तीन घरांनी तिला ‘खोली कालच गेली’ असं सांगितलं होतं. त्या तिन्ही खोल्या पुढे सहा महिने रिकाम्याच होत्या. मला माहीत आहे, कारण त्या तिन्ही घरांची औषधं माझ्याकडूनच जातात. त्यांना सुटे पैसे द्यायला मी त्या वर्षी मुद्दाम वेळ लावला.

नीमा आली ती एक मोठी बॅग घेऊन. उंच, पाठ ताठ, आणि हसली की डोळे पूर्ण मिटायचे. बॅगेतून सगळ्यात आधी निघाला तो लोकरीचा जाड स्वेटर. मला हसू आवरेना. तिचं गाव डोंगरात, चहाच्या मळ्यांच्या कुशीत. तिथे जून-जुलैत स्वेटरशिवाय बाहेर पडता येत नाही. आफ्रिका म्हणजे ऊन, एवढाच आमचा भूगोल. त्यामुळे पहिल्या मे महिन्यात जो तो तिला म्हणायचा, “तुले काय, सवय असंन!” आणि ती बिचारी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन कूलरच्या तोंडाशी बसलेली असायची. दुपट्ट्यानं तोंड गुंडाळून सायकलवर निघाली की मात्र ती कोणत्या देशाची हे कुणाला कळत नसे. मे महिन्यात नागपूरच्या सगळ्या पोरी एकाच देशाच्या दिसतात.

पहिल्या वर्षी ती इंग्रजी बोलायची, दुसऱ्या वर्षी नागपुरी. मधलं पुस्तकी मराठी तिनं गाळूनच टाकलं. तिची भाषेची शाळा म्हणजे समोरच्या गार्डकाकू. गजभिये गार्ड रेल्वेतून निवृत्त झालेले, म्हणून ते गार्डकाका आणि त्या गार्डकाकू. नीमा संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर मेथी निवडत बसायची. एकदा कॉलेजातल्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी इंग्रजीत काहीतरी लांबलचक विचारलं, तर ह्या बाई गडबडून म्हणाल्या, “सर, मले समजून नाही राहिलं.” सर चंद्रपूरकडचे निघाले. पुढची परीक्षा मराठीत झाली आणि नीमाला चांगले मार्क पडले.

तिच्या सवयींनी मला सुरुवातीला वात आणला होता. कुणीही भेटलं की त्याची विचारपूस केल्याशिवाय ती कामाचं बोलायची नाही. त्यांच्याकडे तशी रीतच आहे म्हणे. रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, काम कसं चाललंय, पोरं कशी आहेत, आणि मग दोन रुपयांची कोथिंबीर. सुट्टीत ती हौसेनं माझ्या काउंटरवर उभी राहायला लागली तेव्हा रांग पार पानठेल्यापर्यंत जायची.

“नीमा, हे मेडिकल आहे, सोयरीक जुळवायची नाही इथे,” मी ओरडायचे.

“हो काकू,” म्हणायची, आणि पुढच्या माणसाला विचारायची, “भाऊ, घरी सगळे बरे आहेत का?”

इस्त्रीवाल्या सरूबाई दर चार दिवसांनी गुडघ्याच्या गोळ्या न्यायला यायच्या. चिठ्ठी असायची, मी द्यायचे. वर्षभर दिल्या. नीमानं त्यांना घर, नवरा, नातू असं सगळं विचारत विचारत पाठीपर्यंत आणलं, तेव्हा कळलं की पाठीसाठी त्या दुसऱ्याच डॉक्टरची गोळी दुसऱ्याच दुकानातून घेतात. दोन्हींची नावं वेगळी, आत औषध एकच. आणि आता त्यांच्या पोटात आग पडत होती. नीमानं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, “पोले.”

मी नंतर तिला विचारलं, हे पोले म्हणजे काय? ती म्हणाली, म्हणजे सॉरी. मी म्हटलं, “तू काहून सॉरी म्हणतेस? तू दिल्या का त्या गोळ्या?” तर म्हणाली, तसं सॉरी नाही. समोरच्याला दुखतंय ते मला कळलंय, एवढंच सांगायचं असतं. चूक कुणाचीही असो. त्यातल्या निम्म्या गोळ्या मीच दिलेल्या होत्या. सरूबाईंना डॉक्टरांकडे धाडलं, दोन्ही चिठ्ठ्या सोबत देऊन.

स्ट्रिप कापायचीही तिची एक पद्धत होती. मुदतीची तारीख छापलेली बाजू ती शेवटपर्यंत कापायची नाही. कुणी चारच गोळ्या मागितल्या तर दुसऱ्या टोकाकडून कापायची. आम्हीही हे कॉलेजात शिकलो होतो, पण तीस वर्षांत माझी कात्री वाटेल तिथून चालायला लागली होती. मी तारखेकडून कापलेला तुकडा दिसला की ती पेनानं त्याच्यावर तारीख लिहून ठेवायची. आठ दिवसांत माझी कात्री सुधारली.

औषध छोट्या कागदी पाकिटात घालून त्यावर कधी घ्यायचं ते लिहिणं, हा तिचा सगळ्यात आवडता उद्योग. त्याचं कारण तिनं मला एकदा गच्चीवर सांगितलं. त्यांच्या गावच्या दवाखान्यात फार्मासिस्टच नव्हता. गोळ्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून मिळायच्या. कोणती कधी घ्यायची ते घरी येईपर्यंत विसरायला व्हायचं. तिच्या आईनं एकदा रक्तदाबाच्या आणि तापाच्या गोळ्यांची अदलाबदल केली आणि दोन दिवस बेशुद्ध होती. “मले त्या खिडकीत बसायचं आहे, काकू,” ती म्हणाली. एवढ्यासाठी पोरगी समुद्र ओलांडून नागपुरात भाजून निघत होती.

माझ्या गल्ल्याच्या खणात तिला एकदा रक्तदाबाच्या गोळ्यांची भरलेली स्ट्रिप सापडली.

“ही कोणाची?”

“माझी.”

“भरलेली काहून आहे?”

मी म्हटलं, गिऱ्हाईक आलंय, तिकडे बघ.

तिसरं वर्ष संपल्यावर कॉलेजनं सांगितलं, सुट्टीत एखाद्या मेडिकलमध्ये रीतसर काम शिका आणि तिथल्या फार्मासिस्टच्या सहीचं प्रमाणपत्र आणा. ते नसेल तर शेवटच्या वर्षात बसता येणार नव्हतं, आणि वर्ष गेलं की शिष्यवृत्तीही जाणार होती. मला त्याची काहीच चिंता वाटली नाही. काउंटर ती माझ्यापेक्षा बरं सांभाळत होती. तिनं लिहिलेली पाकिटं मी तपासायची सोडून दिली होती. चूक पहिल्यांदा झाली ती इथे, आणि ती माझी.

गार्डकाकांना डॉक्टरांनी साखरेची नवी गोळी दिली. दोन वेळा, जेवणाआधी अर्धा तास. काका चिठ्ठी घेऊन आले आणि म्हणाले, “पोरी, मोघम नाही चालत आपल्याले. टाइम लिहून दे.” सकाळी साडेसातला नाश्ता, संध्याकाळी साडेसातला जेवण, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. म्हणजे गोळी सातला. नीमाच्या कानाला फोन होता, पलीकडे तिची आई होती आणि त्यांच्या भाषेत गप्पा रंगल्या होत्या. बोलता बोलता तिनं पाकिटावर लिहिलं आणि काकांच्या हातात ठेवलं.

पाचव्या दिवशी सकाळी गार्डकाकू ते पाकीट नाचवत दुकानात आल्या.

“चार दिवस झाले, मी रात्री एक वाजता पोळ्या लाटून राहिली! शेजारचे विचारतात, तुमच्या घरी रात्री कोणता पाहुणा येऊन राहिला? आन् आता हा माणूस भाजीच्या ठेल्यापाशी चक्कर येऊन बसला. गूळ चारला तवा डोळे उघडले!”

मी पाकीट घेतलं. नीमाच्या गोल अक्षरात लिहिलं होतं : दोन वेळा, १ वाजता. जेवणाच्या अर्धा तास आधी.

“अहो, मग येऊन विचारायचं नाही का?”

“मी म्हटलं तर! मी म्हटलं, असं नसते, जाऊन विचारा. तर म्हणे, लिहून दिलेलं आहे, त्याच्यापुढे विचारणं नाही.”

उभा जन्म गाड्यांसोबत काढलेला माणूस तो. कागदावर रात्रीचा एक लिहिला असेल तर रात्रीचा एक. त्यांनी निमूटपणे दोन्ही जेवणं सरकवली होती. सकाळी साडेसातचा नाश्ता बंद. मधल्या बारा तासांत पोटात काही नाही आणि अंगात साखरेची गोळी. चक्कर येणार नाही तर काय होणार! मी तशीच त्यांच्या घरी धावले, साखर तपासली, डॉक्टरांना फोन लावला. काका ठीक होते. ओट्यावर बसून गुळाचा दुसरा खडा मागत होते.

परत आले आणि पाकीट नीमासमोर ठेवलं. “हे एक वाजता काहून लिहिलं?”

तिनं वाचलं. “सातच तर लिहिलं आहे, काकू.”

मला वाटलं माझी थट्टा करते आहे. तेवढ्यात तिचा चेहराच उतरला. ती स्टुलावर बसली. मग सांगितलं ते असं : त्यांच्याकडे घड्याळ दिवस उगवल्यापासून मोजतात. सूर्य निघाल्यावर पहिला तास झाला की एक वाजला. म्हणजे आपले सकाळचे सात, त्यांचा एक. आपले आठ, त्यांचे दोन. रात्रीचंही तसंच. तीन वर्षं ती मनातल्या मनात सहा तास पुढे करून बोलत आली होती, कधी चुकली नव्हती. त्या दिवशी आईशी बोलता बोलता हात घरी गेला आणि घरचं घड्याळ लिहून आला.

खरं सांगायचं तर मला त्यांची पद्धत पटली. आपल्याकडेही पूर्वी घटका मोजायच्या त्या सूर्योदयापासूनच. पण हे कौतुक करायची ती वेळ नव्हती. नीमा वर गेली आणि दार लावून बसली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी जेवण घेऊन गेले तर म्हणाली, “काकू, सही करू नका. कागदात गुंडाळून देणारे बरे. त्यांनी निदान चुकीचं लिहिलं तरी नव्हतं.”

मला बोलता येतं असा माझा समज होता. त्या दिवशी तो खोटा ठरला. मी म्हटलं, तपासायचं काम माझं होतं, चूक माझी आहे. ती म्हणाली, हात माझा होता. वर घरमालकीण, खाली फार्मासिस्ट, आणि दोघींपैकी एकीलाही त्या पोरीला जिन्यावरून खाली आणता येईना. प्रमाणपत्र द्यायला चार दिवस उरले होते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी काठी टेकत गार्डकाका आले. मला म्हणाले, “वर आहे का?” आणि माझं उत्तर न ऐकता जिना चढायला लागले. मी मागून. दारावर त्यांनी काठीनं दोन ठोके दिले. नीमानं दार उघडलं. काकांना बघून तिला रडूच फुटलं.

काका म्हणाले, “पोले, बेटा.”

तिनं मान वर करून बघितलं. ज्यानं चक्कर खाल्ली तोच तिला पोले म्हणत होता.

“छत्तीस वर्षं गाडी चालवली मी,” काका म्हणाले. गार्ड गाडी चालवत नाही, पण काकांसमोर हे कुणी बोलत नाही. “किती खेपा गाडी लेट झाली असंन. गाडी जंगलात सोडून गार्ड घरी जाऊन बसला, असं आयकलं का कधी? घे. हे नवं पाकीट आहे. लिही.”

“मी नाही लिहीत, काका. माह्या हातानं पुन्हा चुकलं तर?”

“मंग चुकणार नाही असं लिही. तू शिकलेली आहेस का मी?”

तिनं ते कोरं पाकीट हातात घेतलं. मग डोळे पुसले, आणि तिची ती जुनी विचारपूस सुरू झाली.

“काका, तुम्ही सकाळी उठल्यावर काय करता?”

“तोंड धुतो. दूध आणतो. मंग बुद्धवंदना.”

“रोज?”

“रोज म्हणजे? रोजच.”

“मंग नाश्ता किती वेळानं?”

“अर्ध्या तासानं. तवरिक हिचे पोहे होतात.”

“आन् संध्याकाळी? काकू काय करतात?”

“कणीक मळते. मंग भाजी टाकते, मंग पोळ्या.”

नीमानं लिहिलं. मी तिच्या खांद्यावरून वाचलं, कारण आता मी प्रत्येक पाकीट वाचणार होते. सकाळी : वंदना झाल्यावर. संध्याकाळी : काकूंनी कणीक मळायला घेतली की. कुठंही आकडा नव्हता. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, “हे बरोबर आहे. घड्याळ बंद पडते, हिची कणीक नाही पडत.”

दुसऱ्या दिवशी ती काउंटरवर होती. काकांनी पाकीट गल्लीभर दाखवलं असणार, कारण लोक येऊन म्हणायला लागले, आम्हालाही तसंच लिहून दे. मग काय, रांग पुन्हा पानठेल्यापर्यंत. सरूबाईंच्या पाकिटावर ‘पहिला शर्ट इस्त्रीला घेण्याआधी, पण चहा-पोळी खाऊन’. शाळेची पोरं नेणाऱ्या ऑटोवाल्याच्या पाकिटावर ‘शेवटचं पोरगं उतरवल्यावर’. एका शिक्षिकेनं तक्रार केली की तिच्या गोळीची वेळ आता नवऱ्यालाही कळते आणि तो पाठीमागे लागतो. नीमा म्हणाली, हे तर चांगलंच झालं.

प्रमाणपत्रावर मी सही केली. खाली ‘शेरा’ असा रकाना होता. मी लिहिलं : वेळेच्या बाबतीत अत्यंत काटेकोर. तिनं ते वाचलं आणि इतकी हसली की डोळे अर्धा तास मिटलेलेच राहिले.

एकच पाकीट तिला लिहिता येईना. माझं.

“काकू, तुम्ही चहा कधी घेता?”

“कधी सहाला, कधी दहाला.”

“पूजा?”

“करत नाही.”

“पेपर?”

“आला तर दुपारी.”

“रोज होते असं काहीच नाही का वं तुमच्या घरी?” ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, अगदी गार्डकाकूंसारखी. मी हसून टाळलं. पण त्या रात्री मला आठवून पाहावंसं वाटलं, आणि खरंच काही सापडलं नाही. एकट्या माणसाच्या घरी कणीकही रोज मळली जात नाही. तिनं ते कोरं पाकीट एप्रनच्या खिशात ठेवून दिलं.

शेवटचं वर्ष भुर्रकन गेलं. पदवी मिळाली. आम्ही तिघं तिला स्टेशनवर पोचवायला गेलो. गार्डकाकूंनी मेथीचे पराठे, संत्र्याची बर्फी आणि भिवापुरी मिरचीचं तिखट इतकं दिलं की बॅगेची चेन लागेना. स्वेटर तिनं अंगातच घातला होता, बॅगेत जागा नव्हती म्हणून. एप्रिल महिना, आणि नागपूर स्टेशनवर एक मुलगी लोकरीच्या स्वेटरमध्ये! लोक वळून बघत होते. गाडी हलली तेव्हा गार्डकाकांनी खांद्यावरचा हिरवा दुपट्टा काढला आणि ताठ उभं राहून हलवायला लागले, शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत. डब्याच्या दारातून माझा हात सोडताना तिनं मुठीत काहीतरी कोंबलं होतं. वाटलं चिठ्ठी असेल, म्हणून मी ते घरी येऊन उघडलं.

ते पाकीट होतं. आत माझ्याच खणातल्या गोळ्या. वर तिच्या गोल अक्षरात : रोज एक. माझा फोन आला की.

तिच्या गावच्या त्या दवाखान्यात ती आता खिडकीत बसते. खिडकी उघडण्याआधी मला फोन करते. आपले साडेदहा वाजलेले असतात, तिकडे तिच्या घड्याळात दोन. “दोन वाजले, काकू,” एवढंच म्हणते. पहिले काही दिवस मी चक्क खोटं बोलले. घेतली म्हणायचे आणि गिऱ्हाईक बघायचे. मग एक दिवस साडेदहाला फोन आला नाही. अकरा वाजले, बारा वाजले. माझं दुकानात लक्ष लागेना. गिऱ्हाईकांवर जास्तच ओरडले. सव्वाबाराला वाजला, तोही व्हिडिओ कॉल. रांग लवकर लागली होती म्हणून तिनं फोन खिडकीतच टेकवून ठेवला होता. पांढरा एप्रन, पुढे पाकिटांचा गठ्ठा, आणि खिडकीबाहेर डोक्याला रंगीत कापड बांधलेली एक म्हातारी. नीमा तिला काहीतरी विचारत होती. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण प्रश्न कोणता ते कळत होतं. म्हातारीनं दोन्ही मुठी पुढे करून गाईची धार काढून दाखवली. नीमानं मान डोलावली आणि पाकिटावर लिहिलं.

मग ती माझ्याकडे वळली. “पोले काकू, आज उशीर झाला. गोळी घेतली का?”

“नाही,” मी म्हटलं. “तुझा फोन कुठे आला होता?”

आणि पावणेदोन तास हातात धरून ठेवलेली गोळी मी तिच्यासमोर घेतली.